भेटीचा हेतू

पत्रात एवढंच होतं:
गुरुवारी दहाला ऑफिसात या, पूर्ण दिवस धरून चाला.
शेवटी एक हसरा चेहरा.
त्या चेहऱ्याचा अर्थ मी
फोंड्याहून बाणस्तारीच्या पुलापर्यंत लावत होतो.

कदंबच्या खिडकीपाशी, मांडीवर फाइल,
डोक्यात दोन महिन्यांची घोकंपट्टी:
झाडं, साखळ्या, रांगा,
कुठली यादी कुठल्या टोकाकडून उलटी करायची.
कपडे कसे हवेत, तेही कोणी सांगितलं नव्हतं.
टी-शर्टवर पांढरा सदरा चढवला, बटणं उघडी ठेवली,
दोन्हीकडून वाचावं म्हणून.

पाटोवर चौथा मजला. दारात वॉचमन, टेबलावर वही.
"कोणाक मेळपाचें?"
नाव लिहिलं. गाव लिहिलं. वेळ, नऊ चाळीस.
पुढचा रकाना: भेटीचा हेतू.
मुलाखत, मी लिहिलं.
त्या दिवसातलं माझं
पैकीच्या पैकी गुणांचं उत्तर ते.

पहिला आला तो घाईत. मार्कर वाळलेला.
त्या मार्करने मी फळ्यावर झाड काढलं,
मूळ वर, पानं खाली,
आमच्या धंद्यात झाडं अशीच वाढतात.
ते त्याला दिसत नव्हतं, मलाही नाही.
दोघेही बराच वेळ बघत राहिलो.
"हं," तो म्हणाला आणि निघून गेला.

मग इव्होन मस्कारेन्यस. कोड राहू दे, म्हणाल्या,
पाच वर्षांनी कुठे असशील?
पाच तासांनी मी कुठे असेन
ते बहुधा त्यांच्या कागदावर लिहिलेलं होतं.
कागद पालथा होता.

मग जेवण. खाडीकडेच्या खाणावळीत ते चौघं आणि मी.
हेही धरायचं का?
तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी, तळलेला बांगडा.
मी काटे ताटाच्या कडेला मांडले
लहानापासून मोठ्यापर्यंत, चढत्या क्रमाने,
कोणी बघितलंच तर.
त्यांचं सगळं बोलणं पार्किंगबद्दल.
कोणी बघितलं नाही.
किंवा बघितलं.

फोंड्याच्या वरच्या बाजारात आई शिवणकाम करते.
मापाचा ब्लाउज आणला नाही
तर गिऱ्हाइकाला पायरीवरूनच परत पाठवते,
चतुर्थीच्या गर्दीतसुद्धा.
"अंदाजाने कातर लावू नये," म्हणते,
"कापड परक्याचं असतं."
मी सकाळपासून अंदाजानेच कातर चालवत होतो.
कापड माझं होतं.

जेवणानंतरचा तिसरा मराठीत म्हणाला,
मोकळेपणी बोल.
एवढा अवघड प्रश्न सकाळपासून कोणी विचारला नव्हता.
म्हणून मीच विचारलं:
तुम्ही नेमकं काय बघता?

तो खिडकीकडे वळला.
खाली खारफुटीत एक बगळा उभा होता,
चिखलातून काय उचलायचं ते पक्कं ठाऊक असलेला.
"खरं सांगू," तो म्हणाला,
"तू येणार हे मला आज सकाळीच कळलं.
तुझा अर्ज अजून उघडलेला नाही."
मग दोघेही थोडे हसलो.
त्याच्या हसण्याला गुण होते की माझ्या, कुणास ठाऊक.

पूर्ण दिवस साडेतीनलाच संपला.
हे चांगलं की वाईट, ते मीच ठरवायचं.
"कळवू," म्हणाले.
कधी, ते नाही.

खाली तीच वही. बाहेर जाण्याची वेळ, सही.
माझ्या ओळीखाली ताजी शाई:
रोशनी पागी, काणकोण.
ती समोरच उभी होती, सँडलला अर्ध्या गोव्याची धूळ,
हेतूच्या रकान्यावर पेन थांबलेलं.
"आत काय बघतात?" तिने हळूच विचारलं.

मार्कर वाळलाय, मी म्हटलं,
आधी दुसरा मागून घे.

खात्रीने सांगण्यासारखं
माझ्याकडे तेवढंच होतं.